अडवलेलं पाणी मोजलं, उपसलेलं राहिलं: एका पाणलोट गावाचं प्रकरण

हे प्रकरण नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पठारावरच्या एका गावाचं आहे. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि गावाचे आकडे ढोबळ करून दिले आहेत. मी त्या स्वयंसेवी संस्थेत गावसंघटक होते. त्यामुळे पुढे जिथे ‘आम्ही’ येईल तिथे संस्था समजावी, आणि जिथे चूक दिसेल तिथे तीत मीही आहे असं समजावं.

पार्श्वभूमी

गावाचं शिवार 950 हेक्टरच्या आसपास, पाऊस सरासरी 450 मिलिमीटर. सरासरी म्हणजे काय, तर एखाद्या वर्षी सहाशे आणि पुढच्या वर्षी अडीचशे. लोकसंख्या सोळाशे. गावाचे उतारावर तीन थर पडतात. माथ्यावर मेंढपाळांची वस्ती, तीसेक घरं. मधे गावठाण. खाली ओढ्याच्या दोन्ही अंगांना मळे, म्हणजे गावातली जरा खोल मातीची जमीन. तिथली घरंही जुनी आणि वजनदार.

नगर जिल्ह्यात पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी शिवारात अडवून मुरवण्याचं, काम नवं नव्हतं. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार आमच्या लोकांनी एसटीनं जाऊन पाहिलेली. 1992 पासून नाबार्डमार्फत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला होता, आणि गावाची पाणलोट समिती व एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून काम करायचं ही पद्धत या भागात त्यातून रुजली. गावानं आधी चार दिवस श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मग पैसा. आमच्या देणगीदारांचा कार्यक्रम वेगळा होता, पण साचा हाच.

2003 च्या दुष्काळात गावाला टँकर लागला आणि 2004 च्या जानेवारीत ग्रामसभेनं ठराव केला. उपस्थिती भरपूर होती, फोटो आहेत. त्या फोटोत नाही ती माथ्यावरची वस्ती. दिवाळी झाली की त्यांचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि मिरगाच्या सुमाराला परततात. माथ्यावरच्या गायरानात आणि पडीक रानात चराईबंदी करण्याचा ठराव, ज्यांची मेंढरं तिथे चरतात ते घाटाखाली असताना झाला. हा या प्रकरणातला पहिला निर्णय. त्या वेळी मात्र आम्ही निर्णय म्हणून तो घेतलाच नव्हता. गणसंख्या भरली होती, देणगीदारांना मार्चच्या आत कागद हवा होता.

जूनमध्ये वाडे परत आले. वस्तीवरचे एक म्हातारबा मला म्हणाले, “ताई, तुमचा ठराव झाला तवा आमी कोकणात व्हतो. आता मेंढरं कुटं सोडू, तुमच्या हापिसात?” पुढे तडजोड झाली. सगळं रान एकदम बंद न करता तीन तुकडे करून आळीपाळीनं बंद ठेवायचे, वाढलेलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क वस्तीचा. ही तडजोड गावातल्याच दोन जाणत्या माणसांनी घडवली. संस्थेच्या अहवालात मात्र ती आमच्या नावावर आहे.

काम चांगलं झालं, हे नमूद केलंच पाहिजे. माथा ते पायथा: वर सलग समतल चर, मग बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध आणि गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बांध), खाली माती नाला बांध, शेवटी ओढ्यावर सिमेंटचे बंधारे. पाच वर्षं बायकांना गावातच मजुरी मिळाली. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांची, म्हणजे तोडणीला एकत्र जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांची, संख्या घटली. विहिरींना पूर्वी जानेवारीपर्यंत पाणी असायचं, ते एप्रिलपर्यंत टिकू लागलं. 2008 मध्ये आम्ही देखभाल निधीचं पासबुक समितीच्या हाती दिलं, समितीनं सत्यनारायण घातला आणि आम्ही बाहेर पडलो. त्यानंतर दोन-तीन वर्षं गावात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून पाहुण्यांची जीप यायची.

अडचण

2012 चा पाऊस गेला आणि डिसेंबरात सार्वजनिक विहीर आटली. जानेवारीत टँकर. नऊ वर्षांपूर्वी उभा राहायचा तिथेच, मारुतीच्या देवळासमोर.

देणगीदारांचा फोन आला, “मग बंधाऱ्यांचं काय झालं?” बंधारे जागच्या जागी होते. गाळ होता, पण फुटलेला एकही नव्हता. आमच्याकडे प्रत्येक चराची लांबी, प्रत्येक बांधाचा घनमीटर, लावलेल्या आणि जगलेल्या रोपांची नोंद होती. गावात विहिरी किती आणि बोअर किती, याची 2004 नंतरची एकही नोंद नव्हती.

मोजायला निघालो तेव्हा कळलं की विहिरी दुपटीहून जास्त झाल्या होत्या आणि बोअरची संख्या शंभराच्या पुढे गेली होती, त्यातली निम्मीअधिक कोरडी. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवायचा, बोअरची गाडी रात्रीत दोनशे-तीनशे फूट जायची, पाणी नाही लागलं तर पंधरा दिवसांनी शेजारच्या बांधाला दुसरं. विहिरींच्या तळातून आडवे बोअर मारलेले. प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी होती, आणि ती पावसानं नव्हे तर ऑक्टोबरात मोटर लावून विहिरीतून भरली जात होती. मळ्यांत डाळिंब, दोन-तीन ठिकाणी ऊस, बाकी रब्बी कांदा.

यात कोणी वेड्यासारखं वागत नव्हतं. पाणी दिसलं, बँकेनं डाळिंबाला कर्ज दिलं, शेततळ्याला अनुदान मिळालं. प्रत्येकाचा हिशेब त्याच्या बांधापुरता बरोबर होता.

इथे आपल्या खडकाबद्दल थोडं. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाण्याचं कोठार फार लहान असतं. वरचा मुरूम, झिजलेला मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक आणि भेगा, एवढ्यातच ते मावतं. खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. खालचा घट्ट थर जवळपास कोरडा, त्यातल्या भेगांत जे लागतं ते बहुतेक वेळा वरूनच झिरपलेलं. “माझं बोअर तीनशे फुटांवर आहे, माझं पाणी वेगळं,” असं गावात प्रत्येकजण सांगायचा. वेगळं काही नव्हतं. एकाच रांजणाला कोणी वरून वाटी लावली होती, कोणी तळाशी भोक पाडलं होतं. आणि पाणलोटाचं काम रांजण मोठा करत नाही. तो जास्त वेळा आणि लवकर भरतो, एवढंच.

आम्ही गावासोबत एक हिशेब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी, दहा हजार लिटर. 450 मिलिमीटरच्या वर्षी 950 हेक्टरवर सुमारे 43 लाख घनमीटर पडतं. त्यातला मोठा भाग वाफ होऊन आणि पिकांतून जातो, काही वाहून जातो. जमिनीत मुरणारा वाटा दहा-बारा टक्के धरला तरी पाच लाख घनमीटर होतो. हा आकडा ऐकून सभेला हायसं वाटलं. मग दुसरी बाजू मांडली. माणशी रोज 55 लिटर धरले तर सोळाशे माणसांना वर्षाला सुमारे 32 हजार घनमीटर लागतात. उसाला हेक्टरी 20 हजार घनमीटरच्या घरात पाणी लागतं. म्हणजे चार एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं घरगुती पाणी हे सारखंच. मागच्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, “मग आमी पोरीबाळींनी हंडे घेऊन उसातच जावं की.” सभा हसली. ऊसवाले दोघे हसले नाहीत.

समोरचे पर्याय

संस्थेत तीन बैठका झाल्या. मतं जुळत नव्हती.

पहिलं मत होतं, हे आपलं काम नाही. प्रकल्प संपला, समिती सक्षम केली, आता गावानं पाहावं. कार्यालयात याला ‘स्वावलंबन’ असा भारदस्त शब्द होता. मला ते पळ काढणं वाटलं, पण एक गोष्ट खरी होती: या कामासाठी आमच्याकडे एक रुपयाही मंजूर नव्हता.

दुसरं मत होतं आणखी कामं करावीत. गाळ काढू, ओढा खोल करू, दोन बंधारे वाढवू. यासाठी पैसा मिळाला असता. कुठल्याही काळात बंधाऱ्याला देणगीदार मिळतो, कारण त्यावर पाटी लावता येते.

तिसरा पर्याय कायद्याचा. महाराष्ट्रात 1993 चा पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा होता. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असं तो सांगत होता. गावच्या विहिरीपासून त्या अंतरात पाच बोअर निघाले. 2009 मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेला नवा भूजल कायदा अजून अमलात यायचा होता. तो 2014 मध्ये आला. तक्रार करायला आधार होता. पण त्या पाचांतलं सर्वांत चालणारं बोअर पाणलोट समितीच्या अध्यक्षांचं होतं. त्यांना मी इथे तात्या म्हणते. ज्यांनी श्रमदानात पहिला टिकाव घातला, भावकीचा विरोध अंगावर घेऊन बांधबंदिस्ती करून दाखवली, तेच हे.

चौथा पर्याय हिवरे बाजारचा. तिथे सिंचनासाठी बोअर घ्यायला गावानं बंदी केली आहे आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरतात. आमच्यातले तरुण कार्यकर्ते याच्या बाजूचे. अडचण अशी की हिवरे बाजारला 1989 पासून पोपटराव पवारांचं नेतृत्व आहे. ते गावातलं, निवडून आलेलं आणि टिकलेलं. बाहेरून आलेली संस्था गावाला बंधारा देऊ शकते, सरपंच देऊ शकत नाही.

पाचवा पर्याय मोजण्याचा आणि वाटून घेण्याचा. आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांनी स्वतः विहिरींची पातळी मोजून हंगामाआधी पीक ठरवण्याचा मोठा प्रकल्प झाला होता. त्यात बंदी नव्हती, नोंद होती आणि ती सगळ्यांसमोर होती.

काय केलं

आधी टँकरचा प्रश्न. मी आणि सरपंच तात्यांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि विषय मीच काढायच्या आत म्हणाले, “बंदीच घालायची तर आधी माझ्यावर घाला. पण डाळिंबाचं कर्ज मग तुमची संस्था फेडणार का, ताई?” याला उत्तर नव्हतं. तक्रार केली असती तर पंचनामे, यंत्रणेचा अभिप्राय, सुनावणी यात उन्हाळा सरला असता आणि गावातला आमचा एकमेव भक्कम माणूस कायमचा तुटला असता.

सरपंचांनी मधला रस्ता काढला: टंचाईत तहसीलदारांकडून बोअरचं अधिग्रहण. पाणी गावच्या टाकीत जाईल, तात्यांना नियमानुसार मोबदला मिळेल, आणि झाडं जगवण्यापुरतं तीन दिवसांआड दोन तास पाणी त्यांचं. यात तात्यांनी काही गमावलं असं दिसत नव्हतं, उलट गावासाठी दिलं असं दिसत होतं. ते तयार झाले. उरलेल्या चार बोअरना हात लागला नाही. त्यातल्या दोन मालकांनी पुढे मला ऐकवलंही, “तात्याला पैसे मिळाले, आमाला कोण देतंय?” नियम न लावता सौदा केला की पुढचा प्रत्येकजण सौद्यालाच बसतो. तेव्हा घाई होती, म्हणून मी तो रस्ता धरला. आजही बहुधा तोच धरला असता, फक्त त्याच सभेत पुढच्या वर्षीसाठी 500 मीटरचा ठराव करून घेतला असता.

मग मोजणी. तीन निरीक्षण विहिरी ठरवल्या, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला, बारावी झालेल्या एका मुलीला आणि एका मुलाला जलसेवक नेमलं. दर पंधरवड्याला पातळी मोजायची आणि देवळासमोरच्या फळ्यावर लिहायची. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद मांडायचा आणि रब्बीत कांदा किती, गहू किती, हरभरा-ज्वारी किती हे ठरवायचं. नवा ऊस नाही, एवढं एकमतानं ठरलं. बोअरबंदीचा ठराव मी कार्यक्रमपत्रिकेत घातला होता, सभेआधी संस्थेच्या सांगण्यावरून काढून घेतला. कारण असं दिलं गेलं की ठराव पडला तर ताळेबंदही पडेल. हे खरं ठरलं असतं की नाही, कोण जाणे. ठराव पडण्यासाठीसुद्धा मांडायला हवा होता, असं मला आता वाटतं. निदान कोण बाजूनं आहे ते दिसलं असतं.

शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी बोअर पाइपानं जोडून पाणी वाटून घ्यायचं, बदल्यात नवं बोअर घ्यायचं नाही, असे तीन गट बांधले. दोन गट दोन हंगामांत मोडले, एक भावकीत, एक वीजबिलात. तिसरा अजून चालू आहे. तो चार सख्ख्या जावांच्या घरांचा आहे आणि त्यांचं हिशेबाचं वहीखातं आमच्या कार्यालयापेक्षा नीट आहे.

2015 मध्ये एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून ओढा रुंद-खोल करायचा प्रस्ताव आला. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतले दोन टक्के असे खर्च करणं बंधनकारक झालं होतं आणि मार्चअखेर जवळ होती. आम्ही जलसेवकांच्या मानधनासाठी पैसे मागितले. त्यांना पोकलेन हवं होतं. आम्ही पोकलेन घेतलं. ओढ्याचा तळ मुरमाच्या खाली कठीण खडकापर्यंत नेला. एका पावसाळ्यात तलावासारखा भरला, फोटो सुरेख आले. पण काठच्या दोन विहिरींचं पाणी ओढ्यात पाझरू लागलं आणि दिवाळीनंतर त्या नेहमीपेक्षा आधी खाली गेल्या. जलसेवक मुलीनं नोंदवही आणून दाखवली तेव्हा आम्हाला हे कळलं.

काय झालं

खरी परीक्षा 2018 ला. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि ऑक्टोबरात सरकारनं राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ऑक्टोबरच्या सभेत फळ्यावरचे आकडे पाहून कांद्याचं क्षेत्र निम्म्यावर आणायचं ठरलं. प्रत्यक्षात कपात झाली ती ठरलेल्याच्या साधारण निम्मी. ऊस कोणी लावला नाही. गावठाणातली सार्वजनिक विहीर, जी 2012 मध्ये डिसेंबरात आटली होती, ती एप्रिलअखेरपर्यंत चालली. टँकर मे महिन्यात आला. आमच्या अहवालात याला यश म्हटलं आहे आणि ते खोटं नाही.

अहवालात एका ओळीत उरकलेली गोष्ट अशी की माथ्यावरच्या वस्तीला टँकर फेब्रुवारीतच लागला. तिथला आड उथळ, उतारावरचं पाणी खाली मळ्यांकडे जातं. ज्यांनी चराईचं रान सोडलं त्यांच्या रानात मुरलेलं पाणी खालच्या डाळिंबांना मिळालं. गवताचा पहिला हक्क कागदावर होता, पण वाडे कोकणात असताना गवत कापायला कोण थांबणार? बहुतेक गवत मळ्यातल्या गोठ्यांनी नेलं. त्या आठ-दहा वर्षांत वस्तीवरच्या निम्म्या घरांनी मेंढरं विकली. सगळा दोष चराईबंदीचा नाही, पोरं पुण्याला कंपनीत जाऊ लागली हेही खरं. पण म्हातारबांच्या घरानं विकली ती रान मिळेना म्हणून, आणि त्यांनी ते मला स्पष्ट सांगितलं.

आणखी एक. आमच्या तिन्ही निरीक्षण विहिरी गावठाणात आणि मळ्यात होत्या. वस्तीवरचा आड आम्ही कधी मोजलाच नाही. विहीर निवडायला गेलेल्या तंत्रज्ञाला तिथे गाडी नेता येत नव्हती. 2019 पासून वस्तीवरचा एक मुलगा सुंभाला गाठी मारून तो मोजतो. फळ्यावर रकाने तीनच रंगवलेले, त्याचा आकडा कडेला खडूनं लिहिलेला असतो.

वेगळं काय करता आलं असतं

पाणी कोणाचं, हा प्रश्न 2004 मध्ये विचारायला हवा होता. तेव्हा पाणी नव्हतं, म्हणून वाटून घ्यायला सगळे तयार झाले असते. 2013 मध्ये प्रत्येकाकडे बोअर होतं आणि कर्ज होतं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1974 मध्ये नायगावात पाणी पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही दिला आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही हा नियम आधीच घातला. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जायचं. प्रस्तावात ते आलं नाही, कारण असा नियम घातला असता तर मळेकरी ठरावाला आले नसते, आणि ते नसते तर प्रकल्प नव्हता. निदान बोअरची नोंद ठेवायची आणि नव्या बोअरची माहिती समितीला द्यायची, एवढी अट तरी चार दिवसांच्या श्रमदानाबरोबर घालता आली असती. चराईबंदीची अट घातलीच होती ना? ती गरिबांवर होती म्हणून सोपी गेली.

देखभाल निधी बांधांसाठी होता. त्यातून मोजणाऱ्या माणसाचं मानधन द्यायची सोय नियमावलीत नव्हती, आणि आम्ही ती मागितलीही नाही. जलसेवकांचा पैसा कधी या देणगीतून, कधी त्या देणगीतून काढत राहिलो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतला प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आला आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. तेव्हा गावात माणूस ठेवणं आणखी अवघड झालं. त्या मुलीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. आता ग्रामपंचायत आपल्या निधीतून एकाला थोडं मानधन देते, तेही सरपंच बदलला की थांबतं आणि पुन्हा सुरू होतं.

गेल्या दोन नव्या गावांत आम्ही पहिली ग्रामसभा आषाढात घेतली, वाडे परत आल्यावर, आणि वस्तीवर. ठराव करायच्या आधी शिवारातल्या सगळ्या विहिरी-बोअरची यादी वाचून दाखवली. त्यामुळे दोन्हीकडे काम सहा-आठ महिने पुढे गेलं आणि एका देणगीदारानं अंग काढून घेतलं. एका गावानं यादी ऐकून, आम्हाला प्रकल्पच नको, असं सांगितलं. दुसऱ्या गावात चर खोदायला सुरुवात झाली आहे.